चिपट्याचं माप

बंद जिनिंगच्या वजनकाट्याखाली बांधलेला होता.
मालक कुलूप लावून निजामाबादला गेला,
साखळी सोडायचं राहिलं त्याचं.
अकरा दिवस, म्हणला वॉचमन. की तेरा.
मोजले नव्हते कुणी.

सरफराजनं हातगाड्यावर घालून आणला गिरणीत,
दोन पोती ज्वारी आणि मधे हा.
म्हणला, भाभी, तुमच्याकडं पीठ तरी सांडतं.

पहिल्या रात्री
त्यानं भाकर खाल्ली नाही, गिळली,
जशी ती पळून चालली होती.
मग ओकला. ओकलेलं खाल्लं.
मग भिंतीला पाठ लावून
शेपटीच्या बुडाशी तोंड खुपसलं
आणि कुरतडायला लागला स्वतःला,
एका जागी, एका लयीत,
गिरणीचा पट्टा फिरावा तसा.

मी ओरडले,
'कामून चावायलास रे? तुझंच आहे ते.'

नंतर सापडत गेलं:
बारदानाच्या घडीत अर्धी भाकर,
चाळणीमागं कुटका,
दगडाला टाकी लावायचा हातोडा ठेवते त्या डब्यात
बुरशी चढलेली पोळी.
काढून फेकलं सगळं.
त्या रात्री त्यानं मांडी रक्त येईस्तोवर सोलली.
पुन्हा नाही फेकलं.

परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात
डॉक्टर वट्टमवार बाईंनी आधी गोचिड्या बघितल्या,
मग खरूज, मग काचेखाली केस.
कातडीत काही नाही, म्हणाल्या.
पाव-पाव गोळी दिली. आणि सांगितलं,
ठरल्या वेळेला, ठरल्या मापानं, दिवसातून चारदा.
खाताना टक लावून बघायचं नाही.
ताट ओढायचं तर नाहीच,
उलट जाता जाता एक घास वरून टाकायचा.
चावायला लागला तर रागवायचं नाही,
दातांना दुसरं काही काम द्यायचं.

मापाचं मला काय सांगता!
सासऱ्यांचं पितळी चिपटं होतं कोनाड्यात,
किलोच्या काट्यानं घरी बसवलेलं.
चिंचेनं घासलं.
सकाळी सातला, पट्टा चढवायच्या आधी, एक चिपटं.
लाईट असो नसो.
पाथरीला भाचीचं लग्न होतं, नाही गेले.
नाव त्याच्यावरूनच पडलं.

बारदानाचा पीळ घालून गाठी मारल्या,
गाठींत भाकरीचा चुरा.
तो स्वतःला धरायचा
तेव्हा हळूच सरकवायची त्याच्यापुढं,
न बोलता, दुसरीकडं बघत,
उधारी मागायला आलेला माणूस
आधी पाऊसपाण्याचं विचारतो तसं.

कधी घ्यायचा. कधी नाही.
दळणाच्या वहीत मागून रेघा मारल्या:
किती वेळा, कधी, तेव्हा काय वाजलं होतं.
कुकरची शिटी. पत्र्यावर वानर.
ताट धुतल्याच्या आवाजाला सगळ्यात जास्त रेघा.
मग ताटं मागच्या न्हाणीत नेली.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा
डॉक्टर बाईंनी वही वाचली, शेवटपर्यंत,
आणि माझा अंगठा बघितला,
नखाशेजारचं सोललेलं कातडं.
'हे कधीपासून?'
मी हात पदरात घेतला.
'पिठानं होतं.'
त्या काही बोलल्या नाहीत.
टेबलावरचं पेन माझ्याकडं सरकवलं फक्त,
दुसरीकडं बघत.

आता शेपटीच्या बुडाशी लव आलीय,
काळ्या कुत्र्याला पांढरी.
परवा कुणाची तरी वरात गेली, फटाके वाजले,
थोडी सोलली.
रेघ मारली.

आज सकाळी
ताटात चार घास ठेवून तो उठला
आणि दारात जाऊन उन्हाला आडवा झाला.
मी घाबरले. कान धरून ताप बघितला.
बारदान उलगडलं, चाळणीमागं हात घातला,
हातोड्याचा डबा पालथा केला.
काही नव्हतं.
चार घास ताटातच. एक मुंगी आली होती.
चिपट्यानं उन्हातूनच तिच्याकडं बघितलं
आणि डोळे मिटले.

रात्रीचं सांगता येत नाही.
नवी गाठ मारून ठेवलीय.