सामायिक काटा

रजिस्टरला आम्ही पाळीपत्रक म्हणतो.
नाव पाडलं रेहाना तांबोळीनं, कवठेमहांकाळची.
तिच्या घरी सामायिक विहीर, चार भाऊबंद,
आणि रात्रीची पाळी कायम धाकट्याच्या वाट्याला.
इथंही तेच.
दिवसा प्राध्यापक. संध्याकाळी मिरजेचे डॉक्टर,
मूत्रपिंड बिघडलेल्या पोरांच्या लघवीच्या नळ्या घेऊन.
रात्री दोन ते पाच रेहाना,
बर्फाच्या डब्यात द्राक्षाची पानं:
दावण्या पडलेली तीन, न पडलेली तीन.

यंत्र एक, माणसं सदतीस.
तळमजल्यावरच बसवणार होते,
वॉचमन भूपालनं भिंतीवरची पुराची रेघ दाखवली,
त्याच्या खांद्याच्याही वर होती,
तेव्हा क्रेन आणून दुसऱ्या मजल्यावर चढवलं.
पंपाची घरघर मला घरीही ऐकू येते.
वीज गेली की पोकळी पुन्हा जमायला दोन दिवस
आणि मला सदतीस फोन.

एकदा आप्पा आले बघायला.
एकेचाळीस वर्षं मार्केट यार्डात तोलार,
रिटायर झाले तरी सकाळी हळदीच्या सौद्याला
जाऊन बसतात, उगीचच.
नखाएवढी नळी तळहातावर घेतली, जोखली,
आणि सवयीनं म्हणाले, "लाभ."
(मोजताना ते एक म्हणत नाहीत.
लाभ, दोन, तीन.)

"कशाचं वजन करतीस?"
म्हटलं, प्रथिनांचं. आधी रात्रभर
एंझाइमकडून तुकडे करून घ्यायचे,
मग फवारायचे, पोकळीतून पळवायचे.
आडव्या रेघेवर लिहिलेलं त्यांनी वाचायला लावलं:
वस्तुमान भागिले भार.
"भागिले कशाला? तोलताना भागायचं न्हाई.
भागतोय तो अडत्या."

मग चष्मा वर करून विचारलं,
"आणि धडा कसा करता?"

मी गप्प झाले.
चार वर्षांत किंमत विचारली समितीनं,
फोटो कुठून चांगला येईल ते पाहुण्यांनी,
हे कुणीच नाही.
रिकामं पोतं आधी, पारडी बरोबर,
मग माल.
म्हटलं, करतो आप्पा. काही न घालता
नुसतं द्रावण सोडतो. ब्लँक म्हणतात त्याला.
तरी त्यात थोडं दिसतंच,
कातडी, केस, कुणाच्या स्वेटरची लोकर.
नमुना ज्यानं हाताळला
तो जरासा त्यात उतरतो.

आप्पांनी हात पाठीमागं बांधले.
जाईपर्यंत सोडले नाहीत.

रात्री ब्लँक सोडला त्याच नळीतून.
तीनशे एकोणसत्तरवर
एक काडी उभी, बारीक, सरळ.
ते वजन मला पाठ आहे.
हळदीच्या रंगाचं आहे ते.
आई सदरे दोनदा उकळायची,
तरी कॉलरच्या आत राहायचंच.
स्क्रीनवर मात्र पिवळं काही नव्हतं,
पांढऱ्यावर काळी रेघ.

राहू दे वाटलं.
खरंच वाटलं, पाच-दहा मिनिटं
खुर्चीत नुसती बसून राहिले.
पण दोन वाजता रेहाना येणार,
तिच्या पानांच्या मापात
माझ्या बापाचं वजन कशाला?
त्यांनीच पहिली शिवी घातली असती.

धुतलं. पुन्हा धुतलं.
काडी बुटकी होत होत
गवतात दिसेनाशी झाली.

पाळीपत्रकात लिहिलं:
वेळ, साडेबारा ते दोन. काम, धुणं.
कारणाच्या रकान्यात पेन बराच वेळ टेकलेलं होतं,
तिथं निळा ठिपका पडलाय.

रेहाना आली, डबा छातीशी धरून,
बोटं गारठलेली.
ठिपका बघून म्हणाली, "हे काय?"
म्हटलं, विहिरीतला गाळ काढला.
पाणी सोड तुझं.