नमुना तेवीस

इथली हवा ओली. ती प्रिंटरच्या तारेतही शिरते.
रात्री उघडं राहिलेलं रीळ सकाळी
नोझलमधून तडतडतं,
तेलात ओली मोरी सोडावी तसं.
मालवणात छापायचं तर आधी वाळवायला शिकावं,
हे कुठल्या मॅन्युअलात नाही.

नमुना एक ते नऊ: शिंपल्यांची भुकटी जाड, भोक बुजलं.
दहा: भुकटी जास्त, तार काडीसारखी मोडली.
चौदाव्यानंतर मी दोन दिवस
भेंडेसरांशी बोललेच नाही.

मग कोळंबच्या पुलाखाली तिसऱ्या काढणारी
शेवंती खवणेकर पोतं टाकायला आली.
चाळणीकडे बघून म्हणाली,
"भाजल्याशिवाय खय पीठ जाता गो?
पण चुनो होऊच्या आधी उतरय."
किती अंश, किती मिनिटं,
ते तिनं वासावर सांगितलं.
मी वहीत वासाचा रकाना आखला.

तेविसावा उभा राहिला. वीतभर उंच,
खाडीत सोडायचा ठोकळा,
कालवांना बसायला.
एकशे चाळिसाव्या थराशी मात्र फट:
वीज गेली होती अकरा मिनिटं,
खालचा थर निवला, वरचा त्याला धरेना.
नापास, असं लिहिलं
आणि तरी दसऱ्याला दोरी बांधून सोडला.

माघात वर काढला.
गुळगुळीत बाजू गुळगुळीतच.
फटीत नखाएवढी पाच कालवं,
सुरीनंही निघेनात.

"खरखरीत लागता त्यांका," शेवंती म्हणाली.

मी नापास खोडलं नाही.
चोविसाव्याच्या पानावर लिहिलं:
एकशे चाळिसाव्या थराशी
अकरा मिनिटं थांबणे.