प्रयोग ओळखा

सिव्हिल लाइन्समधल्या त्या खोलीत
टेबलाच्या अलीकडे आम्ही पाच, पलीकडे ते चार.
संविधान चौकातल्या सतरंजीवर तीनशे अकरा.
हजेरी मीच घेतली सकाळी, सवयीनं,
कुही, भिवापूर, उमरेड, मौदा,
उशिरा येणाऱ्यांसाठी खाली जागा सोडून.

भोंगाडे सर बोलतात, मी लिहिते.
मला आणलं ते अक्षर चांगलं म्हणून.

चौदा मागण्या.
पहिल्या सहा चहा येईपर्यंत
"तपासून पाहू"मध्ये गेल्या.
सातवी : सत्तावीस जणांचा
अकरा महिन्यांचा फरक.

साहेब सौम्य होते.
मुलगा निळ्या बसच्या शाळेत जातो म्हणाले,
फी सांगितली, आणि हसले.
तुम्ही तर राष्ट्र घडवता, म्हणाले,
आणि नानकटाईची बशी आमच्याकडे सरकवली.
तितरमारे मॅडमनी ती तशीच माझ्याकडे सरकवली.
साखळी उपोषणात आज त्यांची पाळी.

मग मसुदा आला, गरम, प्रिंटरमधून :
"सदर रक्कम यथावकाश अदा करण्यात येईल."

भोंगाडे सरांनी पेनाचं टोपण काढलं.
त्यांचा फोन टेबलावर थरथरत होता,
चौकातून विचारत होते, झालं का.

मी म्हणाले, थांबा.
म्हणायचं ठरवलं नव्हतं.
बावीस वर्षं आठवीच्या वर्गात जे म्हणते
तेच तोंडातून गेलं :
धातू शोधा. त्याला णारा लावा. मग विचारा, कोण.
देणारा कोण?

कुणीच हात वर केला नाही.
लेखाधिकारी म्हणाले, शासन.
साहेब म्हणाले, निधी आला की.
ते गौणवाक्य झालं साहेब, मी म्हटलं,
कर्ता विचारला.

टेबलाखाली भोंगाडे सरांचा बूट माझ्या चपलेवर.
"जाऊ द्या न बाई, भेटून राह्यलं ते घ्या."
तेही चुकीचे नव्हते.
मागच्या खेपेला एका शब्दावर अडलो,
सात महिने गेले.
मांढळचा वासनिक तेव्हापासून
रात्री पेट्रोल पंपावर उभा राहतो,
सकाळी फळ्याजवळ गेला की
पहिल्या बाकावरची पोरं नाक दाबतात.

संगणकावर लांजेवार नावाचा मुलगा होता, कंत्राटी.
त्याचेही तीन महिने अडलेत,
हे शिपाई कप उचलता उचलता बोलून गेला.
त्यानं कर्सर वाक्याच्या आरंभी नेऊन ठेवला
आणि साहेबांकडे न बघता विचारलं,
मॅडम, इथं काय टाकू?

पुढचा दीड तास त्या चिमूटभर जागेवर.
कर्सर लुकलुकत राहिला.
साहेब दोनदा उठून फोनवर गेले.
एकदा आवाज चढला, तो माझाच होता,
त्याची मला अजून लाज वाटते, आणि नाहीही वाटत.

शेवटी असं ठरलं :
"जिल्हा परिषद सदर रक्कम मार्चअखेर देईल."
बदल्यात आठवी मागणी आम्ही मागे घेतली.
आठवी म्हणजे मतदारयादीचं काम.
म्हणजे येत्या रविवारी मी पुन्हा
दारोदार, फाईल काखेत,
घरात अठरा वर्षांवरचं कोण कोण, विचारत.

संध्याकाळी सतरंजीवर वाक्य वाचून दाखवलं.
कर्तरी प्रयोग, मी म्हणाले. जरा जास्तच जोरात.
काही टाळ्या पडल्या,
भिवापूरच्या कुणी तरी शिट्टी मारली.
मागून वासनिकनं विचारलं,
आणि काळ कोणता, बाई?

भविष्य, म्हटलं.

तो हसला नाही.
आठला त्याची पाळी होती, बस आधीच भरलेली.
तितरमारे मॅडम लिंबूपाणी हातात धरून
ते प्यायचंच विसरल्या होत्या.
हजेरीत सोडलेल्या जागेत
मी ते वाक्य उतरवलं,
खाली एक रेघ मारली.
पेन्सिलनं.