तपासनीस

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
नाशिकरोडला नुसतं प्रेस म्हटलं की पुरतं.
ट्यूबलाइटखाली शीट पसरायची, बोटाला रबरी टोपी,
आणि बघायचं: कुठे शाई फुटली,
कुठे आकडा अर्ध्या केसाने सरकला,
कुठे हिरव्यात भलताच पिवळा उतरला.
लाल पेन्सिलीची फुली, की शीट बाद.
सुपरवायझर म्हणायचे, बाईंच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही.

आणि पुंडलिकच्या पापण्यांवरचे दोन पिवळे ठिपके
मी अकरा भाऊबिजा बघत होते.
समोर पाट, तबकात निरांजन, त्याचा चेहरा हातभर अंतरावर.
याहून चांगला उजेड कुठल्या टेबलावर मिळतो?
डाळीएवढे. नाकाच्या बाजूला, कोपऱ्यात.
मी म्हणायचे, चरबी चढली रे तुला.
तो म्हणायचा, अंगाला नाही तर डोळ्यांना तरी चढू दे.
काटकुळा होता. पट्ट्याला जास्तीची भोकं पाडून घ्यायचा.

भाऊबीज होऊन महिना झाला असेल.
देवळाली कॅम्पच्या रस्त्याला स्कूटर स्टँडवर लावून
तो कट्ट्यावर बसला, तो बसलाच.
शेहेचाळीस.
स्कूटर नीट लावली होती, असं मला तिघांनी सांगितलं.

दहाव्याला लोक म्हणाले, तर्री फार खायचा.
रविवारी मिसळ, वर पुन्हा कट मागून.
मीही तेच म्हटलं. सोपं होतं.
वहिनीने फोडणीच बंद केली,
जणू कढईनेच नेला त्याला.

निवृत्तीच्या वर्षी माझा रिपोर्ट आला.
वाईट कोलेस्टेरॉल दोनशे अठरा.
मी म्हटलं, डॉक्टर, मी तर वरणावर तूपसुद्धा घेत नाही.
खैरनारबाईंनी कागद बाजूला ठेवला.
घरात कुणी लवकर गेलंय?
त्यांच्या पापणीवर, इथे, पिवळं काही होतं?

बसल्या जागी मला पाळी सुटल्याचा भोंगा ऐकू आला.

त्या म्हणाल्या, यकृताला रक्तातली चरबी उचलायला हात असतात.
तुमच्याकडे ते निम्मेच दिसतात, जन्मापासून.
हे तेल घाण्याचं नाही, घराण्याचं आहे.
भावाला मुलं आहेत?

आहे. हर्षल. चोवीस.
अंबडला कंपनीत, संध्याकाळी जिम,
डब्यात उकडलेली अंडी, तीही फक्त पांढरी.
आत्या, माझ्याकडे बघ तरी, म्हणाला.
बघितलं. चष्मा पुसून, खिडकीशी नेऊन.
पापण्या स्वच्छ.
पण वॉटरमार्क कधी वरून दिसतो का?
नोट उजेडापुढे धरावी लागते.
बिटकोजवळच्या लॅबमध्ये त्याला मी हाताला धरून नेलं,
सुई टोचताना तो माझ्याकडे बघत होता, मी नळीकडे.

दोनशे चार.
तो हसला. मग रिपोर्टची घडी घातली,
उघडली, पुन्हा घातली.
गोळी किती दिवस?
मी माझीच गोष्ट सांगितली.
आकडा उतरला, तशी द्राक्षांच्या दिवसांत
मी आपल्या मनाने गोळी सोडली,
लसूण चावला, दसकच्या घाटापर्यंत चालत राहिले,
आणि तीन महिन्यांनी आकडा होता तिथेच येऊन बसला.
चालणं चांगलंच रे. पण गोळीचं काम गोळी करते.
तो म्हणाला, म्हणजे जन्मभर.
मी म्हटलं, हो. जन्म भरपूर हवाय ना.

आता रात्री साडेनऊला त्याचा मिस्ड कॉल येतो: घेतली.
मी एक देते: मीही.
विसरला तर मी करते, वैतागतो, घेतो.
वहिनीच्या कढईत मोहरी पुन्हा तडतडते, थोड्या तेलात.
रविवारी मिसळ खातो, कट न मागता. निदान सांगतो तसं.

स्कूटर अजून तीच आहे, तोच चालवतो.
खाली स्टँड लागल्याचा आवाज येतो,
मी हातातलं काम थांबवते,
आणि जिन्यावरची पावलं मोजते.
बावीस पायऱ्या आहेत.