चौधारी

आमचं आडनाव चौधरी,
वेलीचं चौधारी.
सातपूरच्या रेशन दुकानात एकदा
माझ्या नावापुढे वेलीचंच नाव पडलं.
मी दुरुस्त केलं नाही.

बी जिवलीआत्याने आणलं करंजाळीहून,
पदराच्या गाठीत सात दाणे,
सातवा सावळघाटात सांडला म्हणाली,
एसटीच्या सीटखाली.
रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात लावलं,
तिसऱ्या मजल्यावर, ग्रिलला टेकवून.

श्रावणात ती केबलच्या तारेने वर गेली
आणि सोनवणेकाकूंच्या वाळत्या परकराला
अशी काही बिलगली
की फाडूनच सोडवावं लागलं.
परकर. वेल नाही.
त्यावरून दोन आठवडे बोलणं बंद.

आणि फूल मात्र नाही.
भाद्रपद गेला, नवरात्र गेलं,
नुसता पाला, हिरवागार, वांझोटा, बायको म्हणाली
आणि लगेच जीभ चावली.

आत्याला फोन लावला.
खत घातलं का, पाणी किती, काही नाही.
तिने विचारलं,
"तुमच्याकडं रात व्हते का?"

खिडकीसमोर महापालिकेचा दिवा,
नवा, पांढरा, सहाला लागतो
तो मी कंपनीतून येईपर्यंत.
मी तिसऱ्या पाळीचा माणूस,
उजाडलं की पडदे ओढून झोपणारा.
दिवस लहान झाले
हे मलाही कुणी कळवलेलं नव्हतं.

मग रोज साडेपाचला
कांद्याचं बारदान वेलीवर.
सकाळी सातला काढायचं.
काकूंनी वरूनच विचारलं, आजारी आहे का ती?
(बोलणं असं सुरू झालं.)

बाविसाव्या दिवशी निळं काहीतरी.
धुऊन धुऊन विटलेल्या
माझ्या युनिफॉर्मच्या रंगाचं.
मग शेंगा, चार धारांच्या, झालर लावल्यासारख्या,
पहिला वाटा वर गेला,
शेंगदाण्याचा कूट घालून वाटीभर परत आला.

माघात वेल वाळली.
डबा भंगारात टाकणार होतो,
तेवढ्यात आत्या आली.
"उपडा कर," म्हणाली.
पेपरवर ओली माती, आणि मातीत
तिच्याच बोटांएवढी मुळं,
पाच, तपकिरी, वाकडी.
नखाने खरवडलं तर आत पांढरीशुभ्र.

मिठाच्या पाण्यात उकडली.
चार आम्ही खाल्ली, सालीसकट.
पाचवं तिने परत डब्यात पुरलं,
वरून माती थोपटली.

रात्री तिला झोप येईना.
कूस बदलली, उठली, दिव्याकडे बघत बसली.
शेवटी गॅलरीतलं ते बारदान झटकून आणलं,
डोक्यावरून घेतलं
आणि घोरायला लागली.