हिला भूक लागेपर्यंत

पहिले चाळीस दिवस काहीच पेटलं नाही.
रबाळ्याच्या तबेल्यातून टेम्पोभर शेण आणलं,
पाण्यात कालवलं, टाकीत सोडलं,
आणि तांडेल साहेब म्हणाले, लंकाबाई,
आता हिला भूक लागेपर्यंत थांबायचं.

मी हसले. भुकेची वाट बघायची,
हे मला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं.

आता कळतं तिचं सगळं.
लिंबाच्या साली नकोत, पोट आंबतं.
अंड्याची टरफलं तळाशी बसतात.
कांद्याची फोलपटं मूठभरच,
नारळाची शेंडी तर मुळीच नाही.
लोणच्याचा खार गेला की दोन दिवस रुसते.
रोज सकाळी कागदाची पट्टी बुडवून बघते:
हिरवी आली तर बरी आहे,
पिवळी आली तर चुन्याची निवळी, आणि दिवसभर उपास.
डोहाळे पुरवावेत तसं करते मी हिचं.
माझ्या चार बाळंतपणांत
कुणी विचारलं नव्हतं, तुला काय सोसतं.

ऐरोलीच्या या सोसायटीत एकशे बारा घरं.
एकाचाही उंबरा मी ओलांडलेला नाही,
पण बादलीवरचा आकडा बघून सांगेन
कुणाकडे पाहुणे, कुणाकडे पथ्य,
कुणी डाएट धरलंय आणि किती दिवस टिकणार.
एकादशीला भगरीचा चिकट लगदा,
सोमवारी सकाळी कोलंबीची सालं,
विसर्जनानंतर बुरसा धरलेले मोदक,
मे महिन्यात कोयी, कोयी, नुसत्या कोयी
(त्या मी वेगळ्या काढते, क्रशरचे दात जातात).

बी अकराशे चारची बादली मात्र निराळी.
रोज एक घडीची पोळी,
मूदभर भात, त्यावर वरणाचा पिवळा डाग,
कडेला चटणी, बोटभर.
उष्टं नव्हतं ते.
वाढलेलं होतं.

दीड वर्ष.
बटण दाबायच्या आधी
त्या पोळीपाशी माझा हात अडायचा.
तुर्भ्याला, कचऱ्याच्या डोंगरावर,
असल्या पोळीसाठी मी कुत्र्याशी भांडले असते.
असते कसली, भांडलेय.

संध्याकाळी टाकीचा घुमट वर चढतो,
तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म.
नळी चौकीमागच्या शेगडीला जाते.
झुंबर वॉचमन काडी ओढतो आणि रोज तेच विचारतो,
लंकेला आग लावू का?
लाव म्हणते. बापानं नावच तसलं ठेवलंय.

निळी ज्योत. धूर नाही, काजळी नाही.
शाळेची पोरं बघायला आली तेव्हा
नाक दाबून उभी होती, मग हळूच सोडलं.
कुणाचा न खाल्लेला डबा, कुणाचा रुसवा,
कुणाच्या श्राद्धाचं पान,
हे सगळं मिळून एवढं निळं होतं,
मला अजून पटत नाही.
तिच्यावर पंचवीस जणांचा चहा होतो.
उरलेलं काळं पाणी झाडांना.
खाडीकडच्या भिंतीलगत कढीपत्ता असा माजलाय
की वरच्या मजल्यांवरून बाया मागायला येतात.

तशीच एक आली, गेल्या मंगळवारी.
गुडघे दुखत असावेत, पायरी आडवी उतरली.
कुठल्या घरातल्या तुम्ही?
बी अकराशे चार.
मी अख्खी डहाळी मोडली.
ती म्हणाली, एवढा नको हो,
एकटीपुरता.

दुसऱ्या दिवशी तिच्या बादलीत
दुधीची साल, चहाचा चोथा.
पोळी नव्हती.

तांडेल साहेबांच्या वहीत
त्या दिवसाचा गॅस नेहमीएवढाच.
एका पोळीचा फरक काट्याला कळत नाही म्हणे.

मी पट्टी बुडवली. हिरवी आली.
मग उगाच दुसरी बुडवली.