बट नंबर एकशे सतरा

कोतासमोरच्या ओट्यावर सतरंज्या,
सतरंज्यांवर आम्ही अठ्ठावीस जणी,
आणि त्र्यंबक रोडची थंडी अशी
की कुपीतलं तेलसुद्धा अंग चोरून बसलेलं.

गांगुर्डे उस्ताद म्हणतात,
आधी मॅगझीन काढ. हँडल मागे ओढ.
चेंबरमध्ये डोळा घाल, मग करंगळी घाल.
रिकामी आहे? परत बघ.
रिकामी रायफल असं काही नसतं पोरी.
असते ती फक्त आत्ताच बघितलेली रायफल.

मग ती मोडते कब्जावर,
अडकित्ता उघडावा तशी.
झाकण, ब्रीच ब्लॉक, गॅस प्लग, पिस्टन,
निघेल त्या क्रमाने डावीकडून मांडायचं,
म्हणजे जोडताना उजवीकडून परत यायला वाट राहते.
भोयेची स्प्रिंग उडून कोताच्या दाराखाली गेली.
सुरगाण्याची पोर, डोंगरात खेकडे धरलेली,
पालथी पडून तिने ती दोन बोटांनी ओढून काढली.

पुलथ्रूचं वजन चेंबरकडून सोडायचं,
तोंडाकडून ओढायचं, एका दमात.
मधे थांबलीस तर काजळी तिथेच घर करते.
पहिली चिंधी काळी.
दुसरी काळी.
चौथी चुलीतल्या राखेसारखी.
सहावी उस्ताद उन्हात धरतात,
नाकाशी नेतात, म्हणतात, अजून एक.

मी तांबट आळीतली.
आमच्याकडे स्वच्छ म्हणजे
हंड्यात तोंड दिसलं पाहिजे.
पहिल्याच आठवड्यात मी मेसमधून चिंच आणली
आणि मॅगझीनचा तळ घासला गुपचूप,
पांढरा होईस्तोवर.
उस्ताद ओरडले नाहीत.
रात्रभर ते खिडकीत ठेवायला लावलं.
सकाळी त्यावर गेरू चढलेला.

हे तांबं नाही, म्हणाले.
ह्याला काळंच राहू द्यायचं असतं.
चमकतं ते लांबून दिसतं, आणि दिसतं ते
वाक्य तिथेच सोडून ते पुढच्या सतरंजीकडे गेले.
त्यांना हाक मारायची तर उजव्या बाजूने.
डाव्या कानाचं कुणी विचारत नाही.

तेलाला नव्या पोरींचा हात सैल असतो.
बोटावर दोन थेंब, बास.
लोखंडाला कळावं, डोळ्याला कळू नये.
सरकतं तिथे लाव, घासतं तिथे लाव,
पिस्टन मात्र कोरडा ठणठणीत.
जास्त तेल म्हणजे धुळीला आवतण,
आणि इथली धूळ बोलावल्याशिवायही येते.

शेवटी अंगठ्याचं नख ब्रीचमध्ये धरायचं,
ऊन त्यावर पडेल असं,
आणि तोंडाकडून आत बघायचं.
(एरवी ह्या बाजूने कुणी बघू नये,
ह्याचसाठी आधी ती करंगळी.)
नखावरचा उजेड नळीत चढतो,
सहा खाचा वळत वळत येतात डोळ्याशी,
नळी उजळलेली,
आणि तिच्या पार टोकाला माझंच नख,
त्याच्या कडेला काळी रेघ.

बाबा फोनवर विचारतात, काय शिकवतात गं तिथे?
मी म्हणते, भांडी घासायला.
ते हसतात. मागे हातोडी चालू असते,
फोन आला म्हणून ठोका चुकवत नाहीत.

जोडणी. हँडल दोनदा मागे, पुढे.
आवाज कोरडा आला तर जमलं.
रजिस्टरवर सही, बट नंबर एकशे सतरा, जमा.
साखळी, कुलूप.
रात्री भाकरीला तेलाचा वास.

संक्रांतीला दोन दिवस घरी गेले.
आईने मोरीत कळशी दिली, चिंच दिली.
घासायला बसण्याआधी
मी कळशी उजेडाकडे कलती केली, आत बघितलं.
आई म्हणाली, काय आहे?
काही नाही, म्हटलं.
आणि परत बघितलं.